तुम्ही विचारलंत म्हणून: मत कुणाकडे वळतं आणि का

“तुम्ही तिथे इतकी वर्षं राहताय, तुम्हीच सांगा. लोकांना त्या माणसात दिसतं तरी काय?”

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली की हा प्रश्न मला हमखास येतो. नातेवाईक विचारतात, जुन्या मैत्रिणी विचारतात, लग्नकार्यात पहिल्यांदाच भेटलेली माणसंही विचारतात. ‘तो माणूस’ दर वेळी वेगळा असतो, विचारणारेही वेगळे असतात. सूर मात्र बहुतेकदा एकच: निवडून देणाऱ्यांची अक्कल कुठे गेली होती?

या सुराचा मला त्रास होतो, म्हणून सविस्तर सांगते. मी पेनसिल्व्हेनियात, लीहाय व्हॅलीत राहते. आमच्या नॉर्थहॅम्प्टन काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) २००८ आणि २०१२ मध्ये ओबामांना मत दिलं, २०१६ मध्ये ट्रम्पना, २०२० मध्ये बायडनना आणि २०२४ मध्ये पुन्हा ट्रम्पना. सलग पाच वेळा आमच्या काउंटीने जो निवडला तोच व्हाइट हाउसमध्ये गेला. तुम्ही ज्यांच्या अकलेबद्दल विचारता ते मतदार माझे शेजारी आहेत. बर्फ पडला की आम्ही एकमेकांच्या दारातला बर्फ उपसतो. मी कुणाला मत दिलं हे इथे सांगत नाही, कारण त्यावर बोलायला लागलो की मूळ प्रश्न बाजूला राहतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट बाजूला काढली पाहिजे. बहुतेक मतदारांच्या बाबतीत उमेदवाराकडे ओढलं जाण्याचा प्रश्नच येत नाही. त्यांचं मत उमेदवार ठरण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं.

हे मी डोळ्यांनी बघते. वाचनालयात मतदार नोंदणीचं टेबल लावतात, तिथे मी मदतीला बसते. पेनसिल्व्हेनियाच्या नोंदणी अर्जात पक्षाचा रकाना असतो, कारण इथल्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, ज्या पक्षात नोंद आहे त्याच पक्षाच्या उमेदवारांमधून निवड करता येते. अठरा वर्षांची मुलं-मुली येतात. पत्ता लिहिताना पिनकोड आठवत नाही, परवान्याचा नंबर बघायला पाकीट काढावं लागतं. पण पक्षाच्या रकान्याशी त्यातली बरीच जणं क्षणभरही थांबत नाहीत. घरात जे आहे त्यावर खूण करतात आणि पुढच्या ओळीवर जातात. एखादं मूल थबकतं, वर बघतं, ‘कुठलाच नाही’ यावर खूण करतं. पुढच्या दोन-तीन निवडणुकांत सगळे उमेदवार त्या थबकलेल्या मुलाच्या मागे धावणार असतात.

अभ्यासकांनाही हेच दिसलं. १९४० मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट आणि त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी विल्की यांच्या लढतीच्या वेळी समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायोतल्या एका काउंटीत मे ते नोव्हेंबर त्याच त्या लोकांच्या पुन्हा पुन्हा मुलाखती घेतल्या. रेडिओ आणि वर्तमानपत्रांतला प्रचार माणसांचं मत कसं फिरवतो हे त्यांना बघायचं होतं. फिरलेले फारच थोडे निघाले. बहुतेकांनी घरच्यांच्या, कामावरच्या सोबत्यांच्या, चर्चमधल्या ओळखीच्यांच्या बरोबरीने मत दिलं. पुढे मिशिगन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी पक्षाशी असलेलं नातं हे धर्मासारखं घरातूनच येतं असं दाखवलं. आजही स्वतःला डेमोक्रॅट म्हणवणाऱ्यांतले नव्वद टक्क्यांहून जास्त लोक डेमोक्रॅटिक उमेदवाराला मत देतात आणि रिपब्लिकन म्हणवणाऱ्यांतले तितकेच रिपब्लिकन उमेदवाराला.

मग निकाल पालटतो कुणामुळे? २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात ट्रम्प यांच्यापेक्षा २८ लाखांहून जास्त मतं पडली. तरी मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांतल्या मिळून सुमारे ७८ हजार मतांनी निवडणूक गेली. २०२० मध्ये ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतला बायडन यांचा फरक मिळून ४३ हजारांच्या आसपास होता. राष्ट्राध्यक्ष देशभरातल्या एकूण मतांवर ठरत नाही. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक मतं असतात आणि जवळपास सगळीकडे ती त्या राज्यात जिंकणाऱ्याला एकगठ्ठा मिळतात. अशी मतं ५३८, जिंकायला लागतात २७०. त्यामुळे कॅलिफोर्नियात लाखो मतांनी पुढे असण्याला तेवढा अर्थ राहत नाही. ‘अमेरिकेने असं का केलं’ हा प्रश्न खरं तर काही काउंट्यांमधल्या काही हजार लोकांनी असं का केलं, असा आहे. त्यात आणखी एक गट मिसळा: जे घरीच बसले. २०१६ मध्ये मतदानाचा हक्क असलेल्यांतले जवळपास चाळीस टक्के मतदानाला गेलेच नाहीत. याच्यापेक्षा तो बरा वाटणं ही एक गोष्ट. याच्यासाठी कामावरून उशिरा जाऊन रांगेत उभं राहावं असं वाटणं ही दुसरी. ओबामांनी २००८ मध्ये ती दुसरी गोष्ट साधली होती.

आता त्या थोड्यांबद्दल, जे खरोखर एकाकडून दुसऱ्याकडे वळतात.

माझं म्हणणं एवढंच आहे: मतदार उमेदवाराचा अभ्यास करत बसत नाही, आपलं आयुष्य त्या उमेदवाराला ठाऊक आहे की नाही याचा अंदाज घेतो. त्याची हुशारी, अनुभव, योजनांची कागदपत्रं हे सगळं त्यानंतर येतं, आणि कित्येकदा येतच नाही.

याचा मला माहीत असलेला सगळ्यात स्पष्ट पुरावा २०१२ च्या एक्झिट पोलमध्ये आहे. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना विचारलं होतं की उमेदवाराचा कुठला गुण तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. चार पर्याय होते. खंबीर नेता हवा म्हणणाऱ्यांत ओबामांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी मिट रॉमनी पुढे. माझी मूल्यं मानणारा हवा म्हणणाऱ्यांत रॉमनी पुढे. भविष्याची दृष्टी असलेला हवा म्हणणाऱ्यांतही रॉमनीच पुढे. चारांपैकी तीन गुणांत जिंकलेला हा माणूस निवडणूक हरला. कारण चौथा पर्याय होता ‘माझ्यासारख्या लोकांची त्याला काळजी आहे’, आणि तो निवडणाऱ्यांतल्या ८१ टक्क्यांनी ओबामांना मत दिलं होतं. रॉमनींना १८ टक्के.

हे आकडे हवेतून आले नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात फ्लोरिडात देणगीदारांच्या एका खासगी जेवणात रॉमनी म्हणाले होते की ४७ टक्के लोक काहीही झालं तरी ओबामांनाच मत देणार, ते सरकारवर अवलंबून आहेत, स्वतःला पीडित समजतात. कुणीतरी ते गुपचूप चित्रित केलं आणि सप्टेंबरमध्ये ते सगळीकडे दाखवलं गेलं. त्या ४७ टक्क्यांत निवृत्तिवेतनावर जगणारे म्हातारे होते, सैन्यात नोकरी केलेले होते, कर भरण्याइतकं उत्पन्नच नसलेले कष्टकरी होते, आणि त्यातले कित्येक रिपब्लिकन होते. रॉमनींच्या कररचनेत काय होतं ते लोक विसरले असतील. बंद दाराआड तो आपल्याबद्दल काय बोलतो हे नाही विसरले.

हा अंदाज माणसं बांधतात कशावरून? बहुतेकदा अगदी छोट्या गोष्टींवरून. १५ ऑक्टोबर १९९२ ची रिचमंडमधली डिबेट, म्हणजे उमेदवारांची जाहीर चर्चा, मी याच कारणासाठी अनेकदा पुन्हा पाहिली आहे. मंचावर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थोरले बुश, डेमोक्रॅट बिल क्लिंटन आणि अपक्ष रॉस पेरो. समोर गोलाकार बसलेले साधे मतदार, प्रश्न तेच विचारणार. एक तरुणी उभी राहिली. देशावरच्या कर्जाचा तुमच्यातल्या प्रत्येकाच्या स्वतःच्या आयुष्यावर काय परिणाम झाला, असं तिने विचारलं. आणि झाला नसेल तर सामान्य माणसांच्या अडचणींवर तुम्ही उपाय कसा शोधणार? प्रश्न चालू असतानाच बुश यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग त्यांनी व्याजदरांपासून सुरुवात केली, अडखळले, आणि प्रश्न मला नीट कळला नाही, मदत करा, असं म्हणाले. प्रश्न सोपा नव्हताच. ‘राष्ट्रीय कर्ज’ म्हणताना तिच्या मनात मंदी होती, आणि शब्दशः घेतला तर त्या प्रश्नाला सरळ उत्तर नाही.

क्लिंटन खुर्चीवरून उठले आणि चालत तिच्याजवळ गेले. त्यांनी तिलाच विचारलं, तुझ्यावर काय परिणाम झाला ते पुन्हा सांग. नोकऱ्या गेलेले, घरं गेलेले लोक तुझ्या ओळखीत आहेत ना? ती हो म्हणाली. मग ते म्हणाले की मी बारा वर्षं एका लहान राज्याचा गव्हर्नर आहे. माझ्या राज्यात कुणाची नोकरी गेली तर ती माणसं मला नावानिशी माहीत असण्याची शक्यता बरीच असते. त्या उत्तरात कर्ज कसं फेडणार याचा फारसा तपशील नव्हता. पण तिने जे विचारलं होतं ते त्यांनी शब्दांच्या मागे जाऊन ऐकलं होतं. दीड-दोन वर्षांपूर्वी आखाती युद्धानंतर बुश यांच्या लोकप्रियतेने ८९ टक्क्यांचा आकडा गाठला होता. नोव्हेंबरमध्ये त्यांना ३७ टक्के मतं पडली. एका घड्याळामुळे ते हरले असं मी म्हणत नाही. मंदी होती, कर वाढवणार नाही हा शब्द त्यांनी मोडला होता, पेरो यांनी सुमारे १९ टक्के मतं नेली होती. पण लोकांच्या मनात जी शंका आधीच घर करून होती तिला त्या घड्याळाने चेहरा दिला.

रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांचा किस्साही याच जातीचा. एप्रिल १९७६ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत त्यांना टमाली खायला दिली. मक्याच्या पिठात सारण भरून, कणसाच्या सालीत गुंडाळून वाफवलेला हा मेक्सिकन पदार्थ साल सोलून खायचा असतो. फोर्ड यांनी सालीसकट चावा घेतला. टेक्सासमधली पक्षांतर्गत लढत रेगन यांनी जिंकली आणि नोव्हेंबरमध्ये ते राज्य डेमोक्रॅट कार्टर यांच्याकडे गेलं. त्यामागे कितीतरी मोठी कारणं होती, तरी सॅम्युएल पॉपकिन नावाच्या राज्यशास्त्रज्ञांनी या सालीकडे गंभीरपणे पाहिलं आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. मेक्सिकन-अमेरिकन मतदाराला सगळी धोरणं वाचायला वेळ नसतो. हा माणूस आमच्या घरात कधी जेवला आहे का, एवढं त्याला त्या एका चाव्यावरून कळतं. अपुऱ्या माहितीवर माणसं रोजच निर्णय घेतात, डॉक्टर निवडताना घेतात, घरमालक निवडताना घेतात.

अर्थात असा अंदाज अन्यायही करतो. फेब्रुवारी १९९२ मध्ये किराणा व्यापाऱ्यांच्या अधिवेशनात बुश यांनी बारकोड वाचणारं यंत्र पाहिलं आणि कौतुक केलं. बातमी अशी पसरली की या माणसाने दुकानातला स्कॅनर कधी बघितलेलाच नाही. प्रत्यक्षात ते नव्या धर्तीचं यंत्र होतं, फाटलेला बारकोडही वाचणारं, आणि त्याचं कुणालाही नवल वाटलं असतं. खुलासा झाला, पण लोकांना पहिली बातमीच लक्षात राहिली. ती त्यांच्या मनातल्या बुशना चपखल बसत होती. अशा गोष्टींची मला काळजी वाटते, कारण आता असा एक तुकडा कापून, जोडून, तासाभरात कोट्यवधी लोकांपर्यंत पोचवता येतो.

चेहरा, उंची, टीव्हीवर कोण रुबाबदार दिसतं याबद्दल लोक फार बोलतात. १९६० मध्ये निक्सन आणि केनेडी यांची डिबेट रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असं वाटलं आणि टीव्ही बघणाऱ्यांना केनेडी, ही गोष्ट तर प्रत्येक जण सांगतो. त्या गोष्टीमागचा पुरावा तोकडा आहे. निक्सन नुकतेच रुग्णालयातून आले होते आणि पांढरेफटक दिसत होते हे खरं. तरी दोघांच्या मतांत देशभरात साधारण सव्वा लाखाचाही फरक नव्हता, आणि एवढ्या अटीतटीच्या लढतीत कुठल्याही एका गोष्टीला श्रेय देता येतं. मी चेहऱ्याला कमी महत्त्व देते.

महागाईला मात्र जितकं द्यावं तितकं थोडं. २८ ऑक्टोबर १९८० रोजी क्लीव्हलंडमधल्या डिबेटच्या शेवटी रेगन यांनी कॅमेऱ्याकडे बघून विचारलं की चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं बरं चाललं आहे का? हा प्रश्न सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या लगेच पुढचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो: दुकानात जाऊन वस्तू विकत घेणं तुम्हाला चार वर्षांपूर्वीपेक्षा सोपं जातं का? त्या वर्षी महागाई १३ टक्क्यांच्या वर होती आणि इराणमध्ये ५२ अमेरिकन ओलीस होते. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कार्टर प्रामाणिक आहेत हे त्यांचे विरोधकही मान्य करत. आठवड्याभराने रेगन यांनी ४४ राज्यं जिंकली. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत ट्रम्प यांनी भाषणाची सुरुवात त्याच पहिल्या प्रश्नाने केली.

महागाई इतकी लागते याचं कारण साधं आहे. बेकारी वाढली की शंभरातल्या काही घरांना झळ बसते. भाव वाढले की प्रत्येकाला, दर आठवड्याला. जून २०२२ मध्ये महागाईचा दर ९.१ टक्के झाला, चाळीस वर्षांतला सगळ्यात जास्त. २०२४ पर्यंत तो तीन टक्क्यांच्या आसपास आला आणि अर्थतज्ज्ञ म्हणू लागले की संकट टळलं. दर उतरला होता. भाव उतरले नव्हते. चढलेले भाव चढलेलेच होते, फक्त आणखी चढायचे मंदावले होते. टीव्हीवर महागाई आटोक्यात आल्याचं ऐकायचं आणि दुकानात तेच बिल पाचव्या भागाने जास्त द्यायचं, तर माणसाला वाटणारच की या लोकांना माझं घर दिसत नाही.

शेजारच्या रस्त्यावर एक जोडपं राहतं. तो निवृत्त ट्रकचालक, ती शाळेच्या जेवणघरात काम करायची. त्याने ओबामांना दोन्ही वेळा मत दिलं होतं आणि नंतर तिन्ही वेळा ट्रम्पना. २०२४ च्या निवडणुकीआधी त्यांच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत बसलो होतो तेव्हा मी त्याला सरळ विचारलं. त्याने काही भाषण दिलं नाही. २००८ मध्ये त्याच्या मुलाचं घर बँकेकडे जाण्याच्या बेतात होतं आणि ओबामा त्याबद्दल बोलत होते. २०१६ मध्ये ट्रम्प बंद पडलेल्या कारखान्यांबद्दल बोलत होते. आमच्या बेथलेहेममध्ये १९९५ साली पोलाद गाळणं थांबलं, उंच भट्ट्या आजही नदीकाठी उभ्या आहेत आणि त्यांच्याजवळच कसिनो आहे. रोज तिथून जाणाऱ्या माणसाला ‘कारखाने’ हा शब्द नुसता ऐकू येत नाही, डोळ्यांपुढे उभा राहतो. ट्रम्प यांचं बोलणं त्याला आवडतं का, असं विचारलं तर त्याने मान हलवली. नाही आवडत, म्हणाला, माझ्या नातवंडांसमोर मी टीव्ही बंद करतो. मग खिशातून सुपरमार्केटची पावती काढून त्याने टेबलावर ठेवली, तळाच्या रकमेवर बोट ठेवलं. तेवढंच.

तिने उठून फ्रिजच्या दारावरचं चुंबक काढलं आणि तिच्या इन्सुलिनची पावती त्या पावतीशेजारी ठेवली. ३५ डॉलर. ज्येष्ठ नागरिकांच्या सरकारी विम्यात इन्सुलिनचा महिन्याचा खर्च ३५ डॉलरच्या वर जाऊ द्यायचा नाही असा कायदा बायडन यांच्या काळात झाला आणि २०२३ च्या जानेवारीपासून लागू झाला. त्याआधी ती कधीकधी कमी मात्रा घेऊन महिना काढायची, हे तो माझ्यासमोरच बोलला आणि तिच्याकडे बघत राहिला. तिचं मत कमला हॅरिस यांना होतं.

एक घर, एक टेबल, दोन पावत्या. तुम्ही मला विचारता की या दोघांतलं चुकीचं कोण. दोघंही आपापल्या कागदावर जे लिहिलं होतं तेच वाचत होते.

आता मला ज्याची खरी चिंता वाटते ते सांगते. ‘मला तुमचं आयुष्य ठाऊक आहे’ हे दोन प्रकारे सांगता येतं. एक प्रकार म्हणजे माणसाला त्याची अडचण समजावून सांगणं. मार्च १९३३ मध्ये बँका कोसळत होत्या आणि लोकांनी पैसे काढून घरात दडवले होते. १२ मार्चच्या रविवारी रात्री रूझवेल्ट रेडिओवर बोलले. बँकेत ठेवलेल्या पैशांचं पुढे काय होतं, सगळ्यांनी एकाच वेळी मागितले तर ते का मिळत नाहीत, उद्या कुठल्या बँका उघडणार आणि कुठल्या नंतर, हे त्यांनी दुकानदाराला आणि शेतकऱ्याला कळेल असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बँका उघडल्या तेव्हा लोक पैसे घेऊन आले, काढायला नाही, ठेवायला. दोन आठवड्यांत दडवलेल्या रोकडीतली निम्म्याहून अधिक परत बँकेत गेली होती. लोकांना कळू शकतं असं ज्याला वाटतं त्याच्यावर लोक विश्वास टाकतात.

दुसरा प्रकार म्हणजे बोट दाखवणं. १९६८ मध्ये अलाबामाचे माजी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस दोन्ही मोठ्या पक्षांबाहेर, एका तिसऱ्या पक्षाकडून उभे राहिले. वंशभेदाच्या बाजूने उभे राहून त्यांनी नाव कमावलं होतं. सभांमध्ये ते कामगारांना सांगत की वॉशिंग्टनमधली शहाणी मंडळी तुम्हाला तुच्छ समजतात. यात तथ्य अजिबात नव्हतं असं नाही. ऐकणाऱ्यांना रोज तसा अनुभव येत होता. पण त्या खऱ्या दुखण्यावर त्यांनी काळ्या शेजाऱ्याची भीती बांधली. त्यांना सुमारे ९९ लाख मतं पडली आणि दक्षिणेतली पाच राज्यं मिळाली. दुखणं ओळखणारा माणूस औषधही बरोबर देईल याची खात्री नसते, आणि मतदाराला हे दोन वेगळे करून बघायला वेळ मिळत नाही.

त्यात आता आणखी एक भर पडली आहे. आपल्या उमेदवाराबद्दलच्या प्रेमापेक्षा समोरच्याबद्दलची भीती अनेकांना मतदानाला नेते. २०१६ च्या एक्झिट पोलमध्ये १८ टक्के मतदारांना ट्रम्प आणि क्लिंटन दोघंही नापसंत होते. त्यांनी केलं काय? ४७ टक्क्यांनी ट्रम्पना मत दिलं, ३० टक्क्यांनी क्लिंटन यांना, बाकीचे इतरत्र गेले. त्याच पाहणीत दहातले सहा मतदार म्हणत होते की ट्रम्प या पदासाठी लायक नाहीत, आणि असं म्हणणाऱ्यांतल्याही सुमारे सहाव्या भागाने त्यांनाच मत दिलं. हे वाचून माणसं हसतात. मला हसू येत नाही. बदल घडवणारा हवा म्हणणाऱ्यांतले ८० टक्क्यांहून जास्त लोक ट्रम्प यांच्याकडे गेले होते. जे चाललं आहे ते आपल्याला पुरतं मारून टाकेल असं ज्याला वाटतं, तो लायकीचं प्रमाणपत्र मागत नाही. जो हलवून टाकेल त्याला घेतो. त्या निवडीचे परिणाम वाईट होऊ शकतात. पण तिच्यामागचा विचार समजून न घेता पुढच्या वेळी कुणीही उमेदवार त्याच्याकडे जाऊन काय बोलणार?

हे सगळं ऐकल्यावर पुष्कळांचा पुढचा प्रश्न असतो, मग तुम्ही स्वतः कसं ठरवता. मी आधी पक्ष बघते, कारण राष्ट्राध्यक्ष एकटा येत नाही, त्याच्याबरोबर न्यायाधीशांच्या नेमणुका येतात, खात्यांचे प्रमुख येतात, काँग्रेसमधली, म्हणजे अमेरिकी संसदेतली, माणसं येतात. मग तो माझ्या घराबद्दल काय बोलतो हे ऐकते, आणि ज्यांच्या घराशी माझा काही संबंध नाही त्यांच्याबद्दल काय बोलतो तेही ऐकते. हा दुसरा भाग मी हल्ली जास्त लक्ष देऊन ऐकते. माझ्याशी कुणी गोड बोललं तर मलाही ते गोडच लागतं, त्यामुळे तेवढ्यावर मी विसंबत नाही. सभेत माझ्या बाजूला बसलेल्या माणसाला तो काय वचन देतो आणि सभेबाहेरच्या माणसाला काय म्हणतो, हे मी ताडून बघते.

आणि ‘लोकांना त्या माणसात दिसतं तरी काय’ याचं उत्तर हवं असेल, तर ज्यांनी मत दिलं त्यांनाच विचारा. सगळे सांगतात असं नाही, पण सांगायला तयार असलेली माणसं पुष्कळ असतात. त्यांच्या उमेदवारापासून सुरुवात करू नका, तो विषय निघाला की दार बंद होतं. गेल्या चार वर्षांत घरात काय झालं, ते विचारा.